पुसलेल्या हार्ड डिस्कमधला आवाज

लोकांनी लिहून पाठवलेले असे गूढ अनुभव मी जेवताना वाचायचो आणि मनातल्या मनात प्रत्येकाला उत्तर द्यायचो. बाई, तुमचं वायरिंग लूज असणार. काका, तुमचं बीपी तपासून घ्या. मी मेंटेनन्स इंजिनिअर आहे. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं... माझी श्रद्धा म्हणाल तर एवढीच. देव मानतो, पण तोही सणापुरता. त्यामुळे आज मी जे लिहितोय ते वाचून कुणीतरी मला तसंच खडसावून उत्तर दिलं, तर मला खरंच बरं वाटेल.

मी मूळचा जळगावचा, सतीश. अठरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी म्हैसूरला आलो आणि इथलाच झालो. कारखाना बेळगोळच्या इंडस्ट्रियल एरियात, घर हिनकलला. हुणसूर रोडवरून आत तिसरी गल्ली, पहिला मजला, खाली घरमालक. हॉलमध्ये भिंतीला टीव्ही, आणि हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती चौकट, दार नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे लागेल.

माझी बायको वृंदा म्हैसूरचीच. तिच्या घरचे लोक कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले. घरात विठ्ठल आणि घरात मराठी, पण अशी मराठी की निम्मी कानडी. मंडी मोहल्ल्यात तिच्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही अण्णाच म्हणतो. मी तिला बघायला गेलो तेव्हा दहा मिनिटं कुणीच काही बोलेना. शेवटी तीच म्हणाली, ‘‘सुम्ने का बसलात? काहीतरी बोला की.’’ मला वाटलं सुम्ने हे तिच्या बहिणीचं नाव. मी म्हटलं, त्यांनाही बोलवा ना. सगळं घर हसायला लागलं. सुम्ने म्हणजे नुसतं, उगाच. मग आमचं जमलं.

आम्हाला एक मुलगी, इरा. वृंदा तिला पुट्टी म्हणायची. कानडीत छोट्या मुलीला लाडानं पुट्टी म्हणतात.

इरा तीन वर्षांची असताना वृंदाचा आवाज बसला. ती गोकुलममधल्या एका लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, दिवसभर मुलांवर ओरडून बसला असेल असं आम्ही धरून चाललो. गुळण्या, काढे, आल्याचा रस... तीन महिने गेले. मग तपासणीत कळलं की स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल. कायमचा.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे होते. त्या दिवसांत ती दुपारी लॅपटॉप घेऊन माहेरी जायची. मला वाटायचं आईकडे जरा मन मोकळं करत असेल. ॲडमिट व्हायच्या आदल्या दुपारी ती बॅग भरत होती आणि मी फोनवर इन्शुरन्सवाल्यांशी हुज्जत घालत होतो. ती शेजारी येऊन उभी राहिली. तो फाटका, घोगरा आवाज अजून कानात आहे माझ्या. ‘‘अहो, पुट्टीसाठी बोलून ठेवलंय मी. लॅपटॉपमध्ये. ती मोठी झाली की ऐकवा. ऐकताय ना?’’

मी फोनवर हात ठेवून म्हटलं, ‘‘हो हो, बघतो.’’

आणि विसरलो. खोटं का बोलू... साफ विसरलो.

ऑपरेशन झालं. नंतरचं दीड वर्ष ती एका पाटीवर लिहून बोलायची. ती बटण दाबलं की पुसली जाणारी इलेक्ट्रॉनिक पाटी असते ना, तशी. ‘भात कमी घातलाय’, ‘पुट्टीचे मोजे बाल्कनीत’, ‘आज दुखत नाही, अष्टे’. अष्टे म्हणजे एवढंच. रेकॉर्डिंगचा विषय तिनं परत कधी काढला नाही. एकदा सांगितलं होतं, मी हो म्हटलं होतं. तिच्या दृष्टीनं ते काम झालेलं होतं. इरा पाच वर्षांची असताना वृंदा घरीच गेली. दुपारी, इराच्या शाळेची रिक्षा यायच्या जरा आधी.

लोक म्हणतात हल्ली काय, फोनमध्ये सगळं असतं. फोटो खूप आहेत. पण आमच्या घरात व्हिडिओ काढणारी तीच. त्यामुळे सगळ्या व्हिडिओंत मी आहे, इरा आहे, आणि ती कॅमेऱ्याच्या मागे. आवाज म्हणाल तर ‘हळू, हळू’, ‘इकडे बघ पुट्टी’, आणि एकदा शिंक. मी सगळं एकापुढे एक लावून बघितलंय. चौदा सेकंद भरतात.

आता त्या हार्ड डिस्कबद्दल.

वृंदा गेल्यावर वर्षभरानं तिचा लॅपटॉप चालू होईना. मदरबोर्ड गेला होता. दुरुस्तीत अर्थ नव्हता. मी आपल्या स्वभावाप्रमाणे विचार केला की डिस्क तर चांगली आहे, वाया का घालवायची? तिचे फोटो मी आधीच माझ्या कॉम्प्युटरवर घेतले होते. मागचे स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली, ऑनलाइन एक एन्क्लोजर मागवलं... म्हणजे प्लास्टिकचा डबा, त्यात जुनी डिस्क बसवायची, यूएसबी केबल लावायची, की झाली एक्स्टर्नल डिस्क. पाच मिनिटांचं काम. माझ्या कॉम्प्युटरला जोडली तर स्क्रीनवर आलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? जुन्या डिस्कचं असं होतं कधी कधी. मी ‘यस’ दाबलं. त्यानं परत विचारलं, सगळा डेटा जाईल, नक्की ना? मी परत ‘यस’ दाबलं.

मग त्यावर कारखान्यातल्या मशीनची मॅन्युअलं टाकली, इराचे कार्टून सिनेमे टाकले. एकदा डिस्क भरली, सगळं उडवून परत भरली. ती टीव्हीला लावून इरा सिनेमे बघायची. मला अभिमान वाटायचा, काही वाया घालवलं नाही म्हणून.

सहा महिन्यांनी एके दिवशी सासूबाई इराची वेणी घालत होत्या. त्या रोज मंडी मोहल्ल्याहून बसनं येतात, इरा शाळेतून आली की तिला बघतात, मी आलो की परत जातात. वेणी घालता घालता त्या सहज म्हणाल्या, ‘‘सतीशराव, वृंदानं ते बोलून ठेवलंय ते पोरीला कधी ऐकवणार?’’

‘‘काय बोलून ठेवलंय?’’

‘‘लॅपटॉपमध्ये हो. दुपारी आमच्याकडे येऊन बोलायची की. यांना सांगायची, अण्णा, मशिनी बंद ठेवा थोडा वेळ, आवाज येतो. लग्नसराईचे दिवस, कामं डोक्यावर... पण यांनी तिन्ही मशिनी बंद ठेवायच्या. कारागिरांना चहाला पाठवायचे. स्वतः बाहेर पायरीवर बसून राहायचे, कुणी गिऱ्हाईक आत येऊ नये म्हणून.’’

तेव्हा मला आठवलं. बॅग, फोन, तिचा आवाज, माझं ‘हो हो, बघतो’. सगळं एकदम.

सासूबाईंना मी म्हटलं, ‘‘हो आहे. जपून ठेवलंय. मोठी झाली की ऐकवतो.’’

पुढची चार वर्षं मी हेच सांगत राहिलो.

दुसऱ्याच दिवशी डिस्क घेऊन सरस्वतीपुरममधल्या एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलो. त्यानं दोन दिवस ठेवून घेतली. मग म्हणाला, ‘‘सर, नुसती फॉरमॅट करून ठेवली असती तर चान्स होता. तुम्ही वरून दोनदा भरलीय.’’ बंगळूरला नेली. तिथेही तेच. त्यांनी मला फक्त एक यादी छापून दिली. जुन्या फायलींची नावं कुठेतरी शिल्लक राहतात, तशी. त्यात सहा नावं होती. puttige 1 पासून puttige 6 पर्यंत. पुट्टीगे म्हणजे पुट्टीला, पुट्टीसाठी. प्रत्येकीसमोर साइज शून्य.

ती यादी मी घडी घालून पाकिटात ठेवली. कुणाला दाखवली नाही. डिस्क मात्र फेकवेना. परत सिनेमे भरले आणि दिली इराला. तिला काय सांगणार होतो, ही डिस्क वापरू नको म्हणून?

आता मूळ प्रसंग.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीतली गोष्ट. इरा दहा वर्षांची. तिला शाळेला सुट्टी, मला नव्हती, म्हणून सासूबाई सकाळपासूनच आमच्याकडे होत्या. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास मी एका कंप्रेसरपाशी उभा होतो. सासूबाईंचा फोन आला. त्या कधीच कामाच्या वेळी फोन करत नाहीत. त्यांना बोलता येत नव्हतं इतक्या रडत होत्या. मला वाटलं इराला काही झालं.

‘‘बरं केलंत हो सतीशराव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फार बरं केलंत, ऐकवलंत तिला. पण मला आधी सांगून तरी ठेवायचं... मी आत ताटं मांडत होते, जीव गेला असता माझा.’’

‘‘आई, काय ऐकवलं?’’

‘‘वृंदाचं. टीव्हीवर लावलं ना पोरीनं आत्ता. शेवटचं जरा नीट कळलं नाही मला, ताटं पडली. तुम्ही आलात की परत लावून द्या. यांना पण बोलावते संध्याकाळी.’’

सुपरवायझरला सांगून गाडी काढली. बेळगोळहून हिनकल म्हणजे फार लांब नाही, पण त्या दिवशी तो रस्ता संपेना. एकच विचार होता, कुठूनतरी सापडलं. कुठल्या तरी पेन ड्राइव्हवर, जुन्या फोनवर, वृंदानं दुसरी कॉपी ठेवली असणार. मला आनंदच झाला होता, खरं सांगतो. भीती वगैरे काही नाही.

घरी आलो तर इरा सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली, डोळे सुजलेले. जमिनीवर स्टीलची ताटं पसरलेली, कुणी उचललीच नव्हती. टीव्हीवर डिस्कमधल्या सिनेमांची यादी दिसत होती. डिस्क तीच.

‘‘इरा, काय लावलं होतंस?’’

तिनं सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. ‘‘मी सिनेमा शोधत होते. सगळ्यात खाली एक नवीन फाइल होती. puttige 4. अज्जी मला पुट्टी म्हणते ना, म्हणून मला वाटलं तू माझ्यासाठी टाकलंयस. लावलं तर नुसता काळा स्क्रीन, आणि एक बाई बोलत होती. आवाज असा... खरखरीत. ती म्हणाली, पुट्टी, मी तुझी आई. आवाज असा आहे म्हणून घाबरू नको, मला दुखत नाही.’’

पाकिटातल्या यादीबद्दल इराला काही माहीत नव्हतं. सासूबाईंना नव्हतं. कुणालाच नव्हतं.

‘‘अजून काय म्हणाली?’’

‘‘केसांचं सांगितलं. स्वतःची वेणी स्वतः कशी घालायची. आधी मान खाली घालायची आणि तिन्ही पेड पुढे घेऊन... मग दुसरं एक सांगितलं. ते तुला नाही सांगणार. ते मुलींचं आहे.’’ मग तिनं विचारलं, ‘‘बाबा, मी पोटात असताना तू मला कंप्रेसरचं मॅन्युअल वाचून दाखवायचास?’’

मी खाली बसून ताटं गोळा करायला लागलो.

वाचायचो. वृंदाला सातवा महिना होता. कुठेतरी तिनं वाचलं होतं की बाळाला बापाचा आवाज ऐकवावा. मला गोष्टी येत नाहीत, गाता येत नाही. मी म्हटलं, माझ्याकडे फक्त मॅन्युअल आहे. ती म्हणाली, तेच वाचा. मग मी रोज एक पान वाचायचो, सेफ्टी इन्स्ट्रक्शन्सपासून. ती हसून हसून म्हणायची, पुरे आता, ते लाथ मारतंय. लाजेखातर ही गोष्ट मी जन्मात कुणाला सांगितली नव्हती. तिनंही नाही, सासूबाईंना विचारलं मी, त्यांना पत्ता नव्हता.

मग सासूबाई बोलल्या. त्या चौकटीपाशी खाली बसल्या होत्या. ‘‘मी आत होते. आधी कळलंच नाही मला. टीव्ही चालू आहे एवढंच. मग हाक आली — आई, पाणी दे ग जरा. मी म्हटलं, आणते ग. पेल्यात पाणी भरलं की मी! भरून घेऊन निघाले. इथं चौकटीत आले तेव्हा डोक्यात आलं, मी कुणाला ‘ग’ म्हटलं? धरायला म्हणून मांडणीला हात घातला, तर ताटंच सगळी खाली.’’ त्या पदरानं तोंड पुसत राहिल्या. ‘‘त्या दिवशी दुकानात पण बोलता बोलता घसा सुकला होता तिचा. अशीच हाक मारली होती. पाणी नेऊन दिलं होतं मी. तेच ते. आता परत लावा. लावा ना, सतीशराव.’’

मी रिमोट घेतला. यादी वर केली, खाली केली. सिनेमे, सिनेमे, मॅन्युअल. नव्हतं.

‘‘अज्जी म्हणाली मागे घे,’’ इरा म्हणाली. ‘‘मी मागे घ्यायला बटण दाबलं, तर ही लिस्टच आली. आणि मग फाइल नव्हती. बाबा, माझ्या हातून डिलीट झाली का?’’

तिचा तो चेहरा बघून मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. सगळं. तिचं चुकलेलं नाही, चार वर्षांपूर्वी माझ्या हातानं गेलंय. दोनदा विचारलं होतं मशीननं आणि दोनदा मी हो म्हटलं. पाकिटातून यादी काढून दाखवली. शून्य, शून्य, शून्य. घडीवर कागद फाटायला आला होता.

मी ठरवलं, आता सासूबाई मला जे बोलतील ते ऐकून घ्यायचं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘मग मी पाणी कुणासाठी भरलं?’’

संध्याकाळी अण्णा आले. सासूबाईंनी त्यांना दुपारीच फोन करून ठेवला होता, आणि नंतर नको म्हणून कळवायचं कुणाला सुचलं नाही. दुकान लवकर बंद करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, रिक्षानं आले. हातात इरासाठी म्हैसूरपाक. चपला काढल्या आणि थेट टीव्हीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. गुडघ्यांवर हात ठेवून. ‘‘लावा,’’ म्हणाले.

पायरीवर बसून ज्या माणसानं गिऱ्हाईकं थांबवली, त्यानं ते रेकॉर्डिंग कधीच ऐकलेलं नव्हतं. ती आत बोलायची, हे बाहेर. त्यांना मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘पर्वागिल्ल.’’ कानडीत असू दे म्हणायला पर्वागिल्ल म्हणतात. पण उठले नाहीत. तासभर त्या काळ्या टीव्हीसमोर बसून राहिले. इरा त्यांच्या पायाशी जाऊन बसली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि मधूनच परत म्हणत होते, पर्वागिल्ल... पर्वागिल्ल...

माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं मारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात डिस्क परत सरस्वतीपुरमला नेली. त्या माणसाला घडलेलं काही न सांगता फक्त फाइलचं नाव दिलं आणि म्हटलं, सगळी तपास. त्यानं तपासली. म्हणाला, सर, मागच्या वेळी सांगितलं तेच, जुनं काही उरलेलं नाही, या नावाची फाइल नाही, हल्ली कधी उघडल्याचीही खूण नाही. टीव्हीची मेमरी तपासली. घरातले सगळे पेन ड्राइव्ह, वृंदाचा जुना फोन, तिचं मेल अकाउंट, सासूबाईंचा साधा फोनसुद्धा. काही नाही. इराच्या कल्पनेचा खेळ म्हणावं, तर सासूबाईंनी पाणी भरलं होतं. सासूबाईंचा भास म्हणावा, तर इराला puttige 4 कुठून कळलं? आणि मॅन्युअल?

तीन आठवड्यांनी एका शनिवारी सकाळी इरा बाथरूममधून बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, मेडिकलमधून पॅड आणशील? अज्जीला मी फोन केलाय.’’ दहा वर्षांची पोर. मी विचारलं, ‘‘बाळा, घाबरलीस का?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आईनं सांगितलंय ना सगळं.’’

मी पायात चप्पल अडकवून खाली गेलो. जिन्यात उभा राहून पोटभर रडलो. इतकी वर्षं मला हीच धास्ती होती, या दिवशी मी पोरीला काय सांगणार, कसं सांगणार. ते काम कुणीतरी करून गेलं होतं, अगदी वेळेवर. मी पुसलेलं काम.

सासूबाई त्या दिवशी आल्या, पोरीला जवळ घेतलं. नंतर मला म्हणाल्या, ‘‘तुम्ही एक बटण दाबलंत. माझ्या हातून ताटं पडली. आता किती दिवस दोघांनी असं तोंड पाडून बसायचं? जेवून घ्या.’’ त्या दिवसापासून त्यांनी हा विषय माझ्याजवळ काढलेला नाही.

ताटांचं त्या का म्हणाल्या ते सांगायचं राहिलं. मुद्दामच मागे ठेवलं होतं, लिहायला हात धजत नव्हता.

इरा म्हणते, सगळ्यात शेवटी आई थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, ‘‘आणि पुट्टी, बाबांना सांग —’’ आणि त्याच क्षणी ताटं पडली. ती स्टीलची ताटं, फरशीवर, किती वेळ वाजत राहतात तुम्हाला माहीत आहे. आवाज थांबला तेव्हा टीव्हीही गप्प झाला होता. एक वाक्य होतं, फार तर दोन, असं ती म्हणते.

मी तिला किती वेळा विचारलं असेल. एखादा शब्द? आवाज हसरा होता की रागावलेला? ती डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करते. एकदा म्हणाली, ‘‘बाबा, मी काहीतरी बनवून सांगू का? तुला बरं वाटेल असं?’’

मी म्हटलं, नको.

‘‘मलाही वाटलंच,’’ ती म्हणाली. ‘‘कारण ते मग माझं होईल, आईचं नाही.’’

हे कसं घडलं, मला माहीत नाही. शोधायचं तेवढं शोधून झालं. कारण सापडत नाही याचा अर्थ आपण नीट शोधलेलं नाही, असं मी आजवर ज्युनिअर पोरांना शिकवत आलो. ते आता मला म्हणवत नाही. सहांपैकी एक फाइल आली, तीही नेमकी चौथी, त्याच दुपारी, आणि माझ्या वाट्याचं वाक्य तेवढं राहिलं... याला काय म्हणायचं? कुणाला सांगता येत असेल तर सांगा, मी मनापासून वाचेन. परवा इरानं मला विचारलं, ‘‘बाबा, आईनं जे काय सांगितलं असेल, त्याला तू काय उत्तर दिलं असतंस?’’ वृंदा काय म्हणाली असेल याचा विचार मी रोज करतो. पण मी काय म्हणालो असतो, हे मला इरासमोर बसूनही सांगता आलं नाही.